अपडेटनंतर फोटोशॉप-लाइटरूममधलं टूल कुठं गेलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टुडिओत काम करणारे, अल्बम डिझाइन करणारे, फ्लेक्स-बॅनरवाले आणि हौसेनं फोटो एडिट करणारे अशा सगळ्यांकडून अ‍ॅडोबी कंपनीच्या फोटोशॉप आणि लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल हेच हेच प्रश्न येतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. शॉर्टकट विंडोजचे दिलेत, मॅक असेल तर बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड आणि आल्टच्या जागी ऑप्शन समजा. बहुतेक वेळा टूल काढून टाकलेलं नसतं, त्याची जागा बदललेली असते नाहीतर वागणं बदललेलं असतं, आणि या दोन्हींवरचा उपाय वेगवेगळा आहे, म्हणून आधी आपल्याबाबतीत नक्की काय झालंय ते ओळखा.

अपडेट केलं आणि सगळे पॅनेल इकडचे तिकडे, लेयर्स (फोटोचे एकावर एक थर) तर दिसतच नाहीयेत. काय करू?

आधी कीबोर्डवरची टॅब की एकदा दाबून बघा. चुकून टॅब दाबली गेली की सगळे पॅनेल आणि टूलबार लपतात, शिफ्ट + टॅबनं फक्त पॅनेल लपतात आणि टूलबार राहतो. असे कितीतरी फोन येतात की अपडेटनं वाट लावली म्हणून, आणि नुसती टॅब दाबली की सगळं परत. एफ की पण बघा, तिनं स्क्रीन मोड बदलतो आणि मेनूबारसुद्धा गायब होतो, परत परत दाबत गेलं की मूळ मोड येतो.

तरीही नाही आलं तर विंडो > वर्कस्पेस > रिसेट इसेन्शियल्स. लेयर्सचं पॅनेल एकटंच हवं असेल तर एफ७. सगळं मनासारखं लावून झालं की तिथंच न्यू वर्कस्पेस (म्हणजे पॅनेलची ही मांडणी) म्हणून आपल्या नावानं सेव्ह करा, आणि त्या छोट्या बॉक्समध्ये कीबोर्ड शॉर्टकट्स, मेनूज, टूलबार अशा ज्या खुणा असतात त्या पण टिक करा, बरेच जण हे सोडून देतात आणि मग नुसते पॅनेल परत येतात पण शॉर्टकट येत नाहीत.

पॅनेल ठीक आहेत पण टूलबारमधलं एखादं टूलच दिसत नाहीये.

टूल एकाच्या खाली एक लपलेली असतात हे जुनंच आहे, पण नवीन टूल आलं की ते जुन्याच्या घरात वर येऊन बसतं आणि जुनं खाली जातं. डब्ल्यू दाबल्यावर आधी मॅजिक वाँड किंवा क्विक सिलेक्शन यायचं, नोव्हेंबर २०१९ च्या आवृत्तीपासून तिथं ऑब्जेक्ट सिलेक्शन पण आलं. स्पॉट हीलिंगच्या गटात २०२३ मध्ये रिमूव्ह टूल आलं. त्यामुळं टूलच्या चित्रावर माउस दाबून धरा, बाजूला यादी उघडते, किंवा शिफ्ट + तेच अक्षर दाबत राहा म्हणजे त्या गटातली टूल एकामागून एक येतात.

तिथंही नसेल तर टूलबारच्या खाली तीन टिंबं असतात त्यात बघा, जादाची टूल तिथं पडलेली असतात. एडिट > टूलबार उघडलं की टूल ओढून हवं तिथं ठेवता येतं आणि रिस्टोर डिफॉल्ट्स केलं की सगळी आपापल्या जागी येतात.

आणि शोधायचाच कंटाळा आला असेल तर कंट्रोल + एफ दाबून टूलचं नाव टाइप करा. इथं एक अडचण मात्र आहे, जुन्या लोकांना कंट्रोल + एफ म्हणजे शेवटचा फिल्टर परत मारणं अशी सवय आहे आणि ते २०१७ च्या आवृत्तीपासून कंट्रोल + आल्ट + एफ वर गेलंय.

शिफ्ट धरून फोटो लहान-मोठा करतोय तर माणसं चपटी होतायत! आधी उलटं होतं ना?

हो, उलटंच होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये फोटोशॉप सीसी २०१९ आलं तेव्हा हे बदललं. आधी शिफ्ट धरली की लांबी-रुंदीचं प्रमाण टिकायचं, आता काही न धरता नुसतं ओढलं तरी प्रमाण टिकतं आणि शिफ्ट धरली की मोडतं. वर्षानुवर्षं डाव्या हाताची करंगळी शिफ्टवर बसलेली असते त्यामुळं हा बदल सगळ्यात जास्त जणांना नडला. पहिल्या वर्षी तर अजून गोंधळ होता, फोटोचा लेयर एक वागायचा आणि शेप लेयर दुसरं वागायचा, ते पुढच्या म्हणजे २०२० च्या आवृत्तीत सगळ्या लेयरना एकसारखं केलं.

आता मुख्य गोष्ट, जी फार कमी जणांच्या लक्षात येते. ट्रान्सफॉर्म, म्हणजे लहान-मोठं करणं किंवा फिरवणं, चालू असताना वरच्या पट्टीत रुंदी आणि उंचीच्या मध्ये साखळीचं चिन्ह असतं. ती साखळी चालू असेल तर प्रमाण टिकतं, बंद असेल तर मोडतं, आणि शिफ्ट नेहमी त्याच्या उलट करते. आणि फोटोशॉप ही साखळी लक्षात ठेवतं, म्हणजे काल कुणी तुमच्या मशीनवर बसून साखळी बंद केली असेल तर आज तुम्हाला वाटणार की परत सगळं बिघडलं. एका मशीनवर दोघं-तिघं पाळीपाळीनं बसत असतील तर शिफ्टपेक्षा आधी साखळी बघायची सवय लावा.

जुनंच हवं असेल तर एडिट > प्रेफरन्सेस > जनरल मध्ये यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म ही खूण आहे, लेगसी म्हणजे जुनी पद्धत. माझं मत विचाराल तर हातातलं तातडीचं काम संपेपर्यंत ती चालू ठेवा आणि मग काढून टाका. नवीन पद्धत खरंच चांगली आहे, कारण फोटो लहान-मोठा करताना शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा आपल्याला प्रमाण टिकवायचंच असतं, मग त्यासाठी एक बोट कशाला अडकवून ठेवायचं.

ट्रान्सफॉर्म करताना मधला तो फिरवायचा बिंदू कुठं गेला?

लपवलाय. वरच्या पट्टीत डावीकडं एक चौकट असते तिथं टिक केलं की दिसतो. कायमचा हवा असेल तर प्रेफरन्सेस > टूल्स मध्ये त्याची खूण आहे.

कंट्रोल + झेड दाबलं तर आता मागं मागंच जातंय, आधी-नंतर बघता येत नाही.

हा पण त्याच ऑक्टोबर २०१८ चा बदल. आधी कंट्रोल + झेड एकदा दाबलं की मागं, परत दाबलं की पुढं, म्हणजे केलेला बदल डोळ्यासमोर चालू-बंद करून बघता यायचा. स्किन रिटचिंग करणारी माणसं हे सतत करतात. आता कंट्रोल + झेड एकेक पायरी मागं नेतं आणि कंट्रोल + शिफ्ट + झेड पुढं आणतं. चालू-बंद करून बघायचं काम कंट्रोल + आल्ट + झेड वर आहे, नाव टॉगल लास्ट स्टेट.

जुनं परत आणायला एडिट > कीबोर्ड शॉर्टकट्स मध्ये यूज लेगसी अंडू शॉर्टकट्स अशी खूण आहे, टिक करून फोटोशॉप बंद करून परत उघडायचं. पण मी तरी कुणाला हे सुचवत नाही, कारण बाकी जवळजवळ सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल + झेड असंच चालतं आणि एकाच दिवसात फोटोशॉप, व्हिडिओ एडिटिंग आणि टायपिंग करणाऱ्याला दोन सवयी सांभाळाव्या लागतात.

सेव्ह अ‍ॅज मध्ये जेपीजीच येत नाहीये, फाइल खराब झालीय का?

फाइलला काही झालेलं नाही. मे २०२१ मध्ये २२.४ आवृत्ती आली तेव्हापासून सेव्ह अ‍ॅज मध्ये फक्त तेच फॉरमॅट दिसतात ज्यात तुमच्या फाइलमधलं सगळं मावतं. लेयर असलेली फाइल असेल तर पीएसडी (फोटोशॉपचा स्वतःचा फॉरमॅट), टिफ वगैरे दिसणार, जेपीजीत लेयर मावतच नाहीत म्हणून ते यादीत नाही. त्यासाठी आता सेव्ह अ कॉपी वेगळं आहे, कंट्रोल + आल्ट + एस.

यामागचा विचार चुकीचा नाही, मूळ पीएसडी सेव्ह न करता नुसती जेपीजी काढून फाइल बंद केली आणि लेयर गेले असं कितीतरी जणांचं झालेलं आहे. पण रोज दोनशे-तीनशे फोटो बाहेर काढणाऱ्याला हा फेरा जड जातो. आणि वर सेव्ह अ कॉपी केलं की फाइलच्या नावापुढं कॉपी असा शब्द चिकटतो, मग गिऱ्हाइकानं नंबर लिहून दिलेले फोटो आणि लॅबला गेलेले फोटो यांची नावं जुळत नाहीत, प्रिंट मोजताना घोळ.

दोन्हीवर उपाय एकाच जागी आहे, प्रेफरन्सेस > फाइल हँडलिंग. तिथं एनेबल लेगसी सेव्ह अ‍ॅज अशी खूण आहे, ती बदलानंतर थोड्याच दिवसात २२.४.२ मध्ये आली, म्हणजे ओरड बरीच झाली असणार. आणि त्याच जागी कॉपी शब्द जोडू नका अशी दुसरी खूण. कॉपी शब्द काढला तर एक लक्षात ठेवा, त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची जेपीजी आधीपासून असेल तर तिच्यावरच लिहिलं जाऊ शकतं, म्हणून बाहेर काढायचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्येच टाका.

जुन्या सगळ्या लेगसी खुणांपैकी लेगसी सेव्ह अ‍ॅज ही एकच आहे जी मी कायमची चालू ठेवा असं सांगतो.

मग सगळ्याच लेगसी खुणा चालू करून टाकल्या तर? कटकटच नको.

करता येतात, पण नका करू. एकतर लेगसी म्हणजे कंपनीनं तात्पुरती ठेवलेली सोय, ती कधीतरी जाते. दुसरं असं की मशीन बदललं, दुसऱ्याच्या स्टुडिओत जाऊन काम करायची वेळ आली, किंवा नोकरी बदलली की तिथं या खुणा नसणार आणि सगळा हात परत अडणार. माझी सरळ पद्धत अशी आहे की ज्या बदलानं काम बिघडतं, म्हणजे चुकीची फाइल जाते, नाव बदलतं, प्रिंट चुकतं, तिथं जुनी खूण ठेवावी. ज्या बदलानं फक्त हाताला चुकल्यासारखं होतं तिथं नवीन शिकून घ्यावं, आणि एका वेळी एकच गोष्ट. या आठवड्यात फक्त अंडू, ते बसलं की पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्म. सगळं एकदम बदललं की माणूस वैतागून सगळंच परत जुनं करतो.

माझे जुने ब्रश, ग्रेडियंट, ते कस्टम शेप सगळे गेले.

गेले नाहीत, यादीतून बाजूला ठेवलेत. शेपसाठी विंडो > शेप्स उघडा, पॅनेलच्या कोपऱ्यात चार रेघांचा मेनू असतो त्यात लेगसी शेप्स अँड मोअर वर क्लिक करा. ग्रेडियंट आणि पॅटर्नचं पण तसंच, आपापल्या पॅनेलच्या मेनूत. २०२० च्या आवृत्तीत हे सगळे पॅनेल वेगळे झाले आणि त्यात फोल्डर आले, तेव्हापासून असं आहे. ब्रशच्या पॅनेलच्या मेनूत लेगसी ब्रशेस आहे.

ब्रशबद्दल अजून एक गोंधळ, २०१८ च्या आवृत्तीत नावं बदलली. जे पॅनेल आधी ब्रश म्हणून ओळखलं जायचं ते आता ब्रश सेटिंग्ज आणि जे ब्रश प्रीसेट्स होतं ते आता नुसतं ब्रशेस. जुनं ट्यूटोरियल बघून काम करत असाल तर इथं हमखास फसता.

केस कापायला रिफाइन एज होतं ते कुठंय? सिलेक्ट अँड मास्क मध्ये तसं जमत नाही.

रिफाइन एज २०१६ मध्ये काढून त्या जागी सिलेक्ट अँड मास्क आलं. पण जुनं अजून आत लपलेलं आहे. सिलेक्शन करून शिफ्ट दाबून धरा आणि तशीच धरून सिलेक्ट मेनूतलं सिलेक्ट अँड मास्क निवडा, जुनी खिडकी उघडते.

फोटोच्या खाली एक पट्टी सारखी मध्ये मध्ये येते, ती कशी घालवायची?

कॉन्टेक्स्च्युअल टास्क बार म्हणतात तिला, २०२३ मध्ये आली. पट्टीवरच्या तीन टिंबांवर क्लिक करून हाइड बार करा, किंवा विंडो मेनूत तिच्या नावासमोरची टिक काढा. पूर्ण घालवायची नसेल तर पिन करून एका कोपऱ्यात ठेवता येते. मास्कचं, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच वेगळा करून त्यावर बदल करायचं, काम करताना ती बऱ्यापैकी उपयोगी आहे, लगेच घालवू नका, दोन दिवस कोपऱ्यात ठेवून बघा.

रिमूव्ह टूल आणि जनरेटिव्ह फिल आल्यावर क्लोन स्टॅम्प, हीलिंग ब्रश यांना काही अर्थ राहिला का?

राहिला, आणि चांगलाच राहिला. हीलिंग ब्रश २००२ मध्ये फोटोशॉप ७.० सोबत आला आणि आजही चेहऱ्यावरच्या डागांसाठी तोच सगळ्यात भरवशाचा आहे, कारण तो शेजारच्याच खऱ्या त्वचेचा पोत घेतो. एस दाबून येणारा क्लोन स्टॅम्प पण आहे तिथंच आहे.

जनरेटिव्ह फिल मे २०२३ मध्ये बीटामध्ये (चाचणीच्या आवृत्तीत) आलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नेहमीच्या आवृत्तीत. ते नवीन चित्र तयार करतं, तुमच्या फोटोतलं उचलत नाही, हा फरक डोक्यात पक्का बसवा. मागच्या भिंतीवरची वायर, मंडपाच्या मागं दिसणारा टेम्पो, बागेतला कचऱ्याचा डबा, आभाळ वाढवायचं असेल, इथं बिनधास्त वापरा. पण नवरीच्या पैठणीचा पदर, त्यावरचे मोर, जरीचा काठ, हातावरची मेंदी, दागिन्यांची घडण, इथं वापरू नका. ते दिसायला मोरासारखं काहीतरी काढून देतं पण तो त्या पदरावरचा मोर नसतो. ज्यांनी ती साडी निवडली, नेसली, त्या आईला आणि मुलीला अल्बम उघडल्या उघडल्या कळतं. अशा जागी क्लोन स्टॅम्पनं त्याच काठाचा दुसरा तुकडा उचलून लावणं हेच बरोबर, वेळ लागला तरी.

रिझोल्यूशनची पण अडचण आहे. २०२३ मध्ये आलं तेव्हा एका वेळी तयार होणारा भाग साधारण १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा असायचा आणि मोठ्या सिलेक्शनवर तोच ताणला जायचा, म्हणून मोबाइलवर छान दिसणारा भाग मोठ्या प्रिंटवर मऊ, धुरकट दिसतो. पुढं सुधारणा होत गेल्यात, तरी मोठी जागा एकदम भरण्यापेक्षा तुकड्या-तुकड्यानं भरा आणि शंभर टक्के झूम करून बघितल्याशिवाय फाइल लॅबला पाठवू नका.

अजून एक, हे इंटरनेटवर चालतं, फोटोचा भाग कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि क्रेडिट (हे वापरण्याचा ठरलेला कोटा) खर्च होतात. नेट नसेल किंवा फोटो कुणाचा खाजगी असेल तर रिमूव्ह टूलच्या वरच्या पट्टीत जनरेटिव्ह एआय बंद करायची सोय आहे, ती बंद ठेवून काम करा. एडिट मेनूतलं कंटेंट अवेअर फिल पण आहे, ते तुमच्याच फोटोतून उचलतं आणि कुठून उचलायचं ते तुम्ही हिरव्या रंगानं दाखवू शकता.

नवीन आवृत्तीत मराठी टाइप केलं की वेलांट्या भलतीकडं जातात, जोडाक्षरं फुटतात.

मजकुराचा लेयर निवडा, पॅरेग्राफ पॅनेल उघडा, कोपऱ्यातल्या मेनूत वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. जुन्या आवृत्त्यांत याचं नाव मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन होतं आणि ते आधी प्रेफरन्सेस > टाइप मधून चालू करावं लागायचं. फॉन्ट युनिकोड हवा, मंगल, निर्मला, मुक्ता, बालू, हिंद असा कुठलाही.

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर केलेल्या पत्रिका आणि बॅनर असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. त्यात मजकूर खरं तर इंग्रजी अक्षरांच्या खुणांवर बसवलेला असतो, त्यामुळं तो फॉन्ट नवीन मशीनवर नसेल आणि तुम्ही दुसरा लावला तर सगळं अगम्य होतं. जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडताना मजकुराचे लेयर अपडेट करू का असं विचारलं तर लगेच हो म्हणू नका, नाही म्हणा, कारण लेयरला हात लावेपर्यंत जुनं दिसणं तसंच राहतं. सगळ्यात चांगलं म्हणजे जुनं मशीन चालू आहे तोवरच महत्त्वाच्या फाइल तिथं उघडा, मजकुराच्या लेयरची एक डुप्लिकेट करा आणि टाइप > कन्व्हर्ट टू शेप करून ठेवा. नंतर अक्षर बदलता येणार नाही पण बिघडणार पण नाही.

आणि तुमच्याकडं टाइप १ प्रकारचे फार जुने फॉन्ट असतील, ज्यांच्या फाइलचं नाव पीएफबी असं संपतं, तर ते २०२२ च्या आवृत्तीपासून फोटोशॉपमध्ये चालतच नाहीत.

जुने अ‍ॅक्शन अर्ध्यात थांबतात.

अ‍ॅक्शन म्हणजे रेकॉर्ड केलेल्या पायऱ्या, त्यातली एखादी पायरी ज्या कमांडवर होती ती बदलली किंवा काढली की तिथं अडकतो. पॅनेलमध्ये अ‍ॅक्शन उघडून पायरी-पायरीनं चालवा, कंट्रोल धरून प्लेवर क्लिक केलं की एकच पायरी चालते. अडकलेली पायरी सापडली की तेवढीच काढून नवीन रेकॉर्ड करा, पूर्ण अ‍ॅक्शन परत करायची गरज नाही. बहुतेक वेळा दोषी असते सेव्हची पायरी नाहीतर एखादा प्लगइन (फोटोशॉपला वरून जोडलेलं जादाचं सॉफ्टवेअर). प्लगइन तर नवीन आवृत्तीत परत इन्स्टॉलच करावे लागतात, ते आपोआप येतील असं धरून चालू नका.

लाइटरूम क्लासिकमध्ये हिस्टोग्रामखालचा ब्रश आणि ग्रॅज्युएटेड फिल्टर कुठं गेला?

ऑक्टोबर २०२१ मध्ये हे सगळं मास्किंग नावाच्या एका घरात गेलं. ग्रॅज्युएटेड फिल्टरचं नाव लिनिअर ग्रेडियंट झालं, रेडिअल फिल्टरचं रेडिअल ग्रेडियंट. शॉर्टकट बरेचसे तेच आहेत, के दाबलं की ब्रश, एम दाबलं की लिनिअर, शिफ्ट + एम रेडिअल. म्हणून ज्यांचा हात कीबोर्डवर होता त्यांना फारसा त्रास झाला नाही, जे माउसनं चित्र शोधायचे ते अडकले. जुन्या फोटोंवर लावलेले ब्रश आणि फिल्टर जातात का असं बरेच जण घाबरून विचारतात, तर नाही, ते मास्क म्हणून यादीत दिसतात.

हा बदल मला मनापासून आवडलेला आहे. एकाच मास्कमध्ये जोडा, वजा करा, छेद घ्या असं करता येतं, म्हणजे आभाळावर ग्रेडियंट मारला आणि त्यातून माणूस वजा केला की डोकं काळं पडत नाही. आधी यासाठी इरेझर घेऊन बसावं लागायचं. तरंगतं मास्कचं पॅनेल मध्ये येत असेल तर ओढून उजव्या बाजूला चिकटवा.

फोटोच्या उजळ आणि गडद भागांना वेगवेगळी रंगछटा द्यायचं स्प्लिट टोनिंग कुठं गेलं?

ऑक्टोबर २०२० पासून कलर ग्रेडिंग, तीन चाकं असलेलं. जुने फोटो आणि प्रीसेट (सेव्ह करून ठेवलेल्या सेटिंग्ज) आधीसारखेच दिसतात. नव्या फोटोवर अगदी जुन्या स्प्लिट टोनिंगसारखं हवं असेल तर ब्लेंडिंग १०० वर न्या.

डीहेझ (धुरकटपणा कमी करायचं) आणि प्रोफाइल पण सापडत नाहीत, आणि एक पॅनेल तर पूर्णच गायब आहे.

एप्रिल २०१८ पासून दोन्ही बेसिक पॅनेलमध्ये आहेत. पूर्ण पॅनेल गायब असेल तर उरलेल्या कुठल्याही पॅनेलच्या नावावर राइट क्लिक करा, लपवलेल्याची टिक निघालेली दिसेल. तिथंच सोलो मोड पण आहे, एक पॅनेल उघडलं की बाकीची मिटतात, लहान स्क्रीनच्या लॅपटॉपवर फार बरं पडतं. अख्खी उजवी बाजूच गेली असेल तर एफ८, डावी एफ७, खालची फोटोंची पट्टी एफ६.

नवीन लाइटरूम उघडलं तर कॅटलॉग अपग्रेड करायला सांगतंय, करू का? फोटो तर जाणार नाहीत?

फोटो कॅटलॉगमध्ये नसतातच, ते तुमच्या हार्डडिस्कच्या फोल्डरमध्ये असतात, कॅटलॉगमध्ये फक्त नोंदी आणि एडिटिंगचा हिशेब. अपग्रेड करताना नवीन कॅटलॉग तयार होतो आणि जुना तसाच राहतो. पण नवा कॅटलॉग जुन्या लाइटरूममध्ये उघडत नाही, म्हणजे अपग्रेडनंतर केलेलं काम घेऊन मागं जाता येत नाही. म्हणून आधी बॅकअप, मग अपग्रेड, मग आठ-दहा जुनी कामं उघडून बघा, आणि त्यानंतरच जुना कॅटलॉग दुसऱ्या डिस्कवर हलवा.

आणि नुसतं लाइटरूम आणि लाइटरूम क्लासिक ही ऑक्टोबर २०१७ पासून दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत. जुनं ओळखीचं हवं असेल तर क्लासिक घ्या.

अपडेट करायचंच असेल तर कधी आणि कसं करावं?

ऐन लग्नसराईत करू नका. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात फ्लेक्सवाल्यांनी करू नका. हातात मोठी ऑर्डर नसेल अशा दिवशी करा, पावसाळ्यातले मोकळे दिवस उत्तम. क्रिएटिव्ह क्लाउडच्या अ‍ॅपमध्ये ऑटो अपडेट बंद ठेवा म्हणजे तारीख तुमच्या हातात राहते.

मोठी आवृत्ती, म्हणजे २०२४ वरून २०२५, जुनीच्या शेजारी वेगळी बसते. इन्स्टॉल करताना पुढच्या पर्यायांमध्ये जुनी आवृत्ती काढून टाका अशी टिक असते ती काढा, आणि जुनी सेटिंग्ज आणा ही राहू द्या. महिनाभर दोन्ही मशीनवर असू देत, अडलं की जुनीत उघडा. छोटी अपडेट मात्र त्याच जागेवर लिहिली जाते.

त्याआधी अ‍ॅक्शन सेव्ह करून घ्या. पॅनेलमध्ये अ‍ॅक्शन नाही तर त्याच्या वरचा सेटचा फोल्डर निवडावा लागतो, नाहीतर सेव्ह पुसट दिसतं. एडिट > प्रीसेट्स मधून बाकीचे प्रीसेट एक्सपोर्ट होतात. हे सगळं पेनड्राइव्हवर पण एक प्रत.

यूट्यूबवर बघून करतोय तर त्यांचं वेगळं दिसतं आणि माझं वेगळं.

हेल्प > अबाउट मध्ये आपली आवृत्ती बघा. साल आणि नंबर यांचा साधा हिशेब आहे, सालाच्या शेवटच्या दोन आकड्यांत एक मिळवा, २०१९ म्हणजे २०, २०२४ म्हणजे २५, २०२५ म्हणजे २६. व्हिडिओ शोधताना साल टाकून शोधा.

सगळं करून बघितलं, तरी विचित्रच वागतंय.

एकच टूल विचित्र वागत असेल तर वरच्या पट्टीत डावीकडं त्या टूलच्या चित्रावर राइट क्लिक करून रिसेट टूल. सगळंच असेल तर प्रेफरन्सेस > जनरल मध्ये रिसेट प्रेफरन्सेस ऑन क्विट. हे शेवटचा उपाय म्हणून, आणि त्याआधी अ‍ॅक्शन सेव्ह केलेत का ते बघा.

आमच्याकडं एक काका आहेत, ७.० पासून रिटचिंग करतात, हात सोन्याचा आहे पण नवीन मशीनवर बसायला तयार नाहीत.

काकांना नवीन फीचर दाखवत बसू नका. ते जी आठ-दहा टूल रोज वापरतात ती त्यांना विचारून घ्या आणि एडिट > टूलबार मधून तेवढीच ठेवा, बाकीची बाजूच्या यादीत ढकला. टास्क बार बंद. प्रेफरन्सेस > जनरल मधून सुरुवातीची होम स्क्रीन बंद, म्हणजे उघडल्या उघडल्या ओळखीचा रिकामा पडदा येतो. प्रेफरन्सेस > इंटरफेस मध्ये फिकट रंग निवडा, गडद इंटरफेस २०१२ मध्ये सीएस६ पासून आला, त्याआधीची डोळ्याची सवय वेगळी आहे, आणि तिथंच अक्षरं मोठी करा. क्रॉप घेतल्यावर फ्रेमऐवजी फोटोच हलतो याचा त्यांना हमखास राग येणार, त्यासाठी वरच्या पट्टीतल्या गिअरमध्ये क्लासिक मोड. त्यांच्या बाबतीत लेगसी अंडू आणि लेगसी ट्रान्सफॉर्म दोन्ही बेलाशक चालू ठेवा, वर जे लिहिलं ते नवीन शिकणाऱ्या पोरांसाठी होतं. हे सगळं त्यांच्या नावाची वर्कस्पेस करून सेव्ह करा आणि विंडो > वर्कस्पेस मधून लॉक वर्कस्पेस करून टाका, म्हणजे माउस लागून पॅनेल हलणार नाहीत.